पाटकऱ्याचं वावर

मागे एकदा मी पुनाला मुद्दाम विचारलं होतं, "यंदा मनं वावर कसं शे रे, पुना?"

तो फावडं खांद्यावर टाकून पाटाच्या कडेनं चालला होता. थांबला, फडाकडे या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं आणि म्हणाला, "फड ब्येस शे."

"फडनं नही इचारं. मनं वावर कसं शे?"

"तुमनं कोनतं?"

आता यावर माणसानं काय बोलावं? मी चड्डी घालून शाळेत जात होतो तेव्हापासून हा बाबा ज्या वावराला पाणी पाजतोय, त्याचा मालक समोर उभा, तोही गावात पंच म्हणून मिरवणारा, आणि हा विचारतो तुमचं कोणतं. मला रागच आला. पण पुनाला टोमणा मारता येत नाही हे गावाला ठाऊक आहे. त्याला खरंच माहीत नव्हतं. बांध त्याला दिसायचे ते पाणी कुठं अडतं आणि कुठून उतरतं एवढ्यापुरते. बांधाच्या अलीकडे मी, पलीकडे माझा चुलतभाऊ, आणि आम्ही दोघं एकमेकांच्या घरचं पाणी पीत नाही, या गोष्टी त्याच्या डोक्यात शिरतच नव्हत्या.

बाहेरगावच्या माणसाला फड म्हणजे काय ते सांगावं लागतं, आणि सांगायचा आता कंटाळा येतो. कुस्तीचा नव्हे, तमाशाचा नव्हे. आमच्या धुळे जिल्ह्यात पांझरेवर जुने दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्यातून पाट निघतो आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठमोठे तुकडे पाडलेले असतात, त्यातला एकेक तुकडा म्हणजे फड. एका फडात मालक पुष्कळ, पण पीक एकच. गहू ठरला की सगळ्यांचा गहू. आणि आपापल्या वावराला आपण पाणी भरायचं नाही. ते काम पाटकऱ्याचं. त्यानं वरच्या तोंडापासून शेपटापर्यंत सगळा फड पाजायचा, मालकानं घरी बसून शेंगा खाव्यात. नदीला पाणी कमी असलं तर एक फड सगळाच्या सगळा पडीक ठेवायचा. उपास घडायचा तर सगळ्यांना घडू दे, एकट्यादुकट्याला नको.

आणि या सगळ्याच्या वर आमच्या गावाचा एक नियम. पाटकऱ्याचं स्वतःचं वावर त्या फडात नसावं. कारण सांगायची गरज नाही. हा नियम कोणी केला ते कोणाला माहीत नाही. ज्यांच्याकडे वावरं होती त्यांनीच केला असणार, पण तिकडे आमचं कधी लक्ष गेलं नाही.

पुना बौद्धवाड्यातला. त्याचा बाप भिकन, तोही पाटकरीच. बाप गेला तेव्हा पुनाला मिसरूड फुटलं नव्हतं. फावडं बापाच्या खांद्यावरून त्याच्या खांद्यावर आलं, कोणी विचारलंसुद्धा नाही की बाबा, तुला हे करायचंय का. अंगानं बारीक, उंच, एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली. पायांकडे बघवत नाही. सगळा हिवाळा चिखलपाण्यात उभं राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या, टाचांना भेगा. बायको भागाबाई पारोळ्याकडची, तिखट. ती त्या भेगांत मेण भरायची आणि तोंडानं आम्हा सगळ्या मालकांचा उद्धार करायची.

पुनाचं काम बघायला मजा यायची असं मी म्हणणार नाही, कारण बघण्यासारखं त्यात काही नव्हतंच. तो बांधाचं तोंड फावड्यानं फोडायचा, पाणी आत सोडायचा आणि उभा राहायचा. नजर कुठं तरी लांब. मधेच गवताचा गड्डा आणि चिखल घेऊन तोंड बुजवायचा आणि पुढं निघायचा. किती भरलं, कसं कळलं, विचारलं तर सांगता यायचं नाही. एकदा फारच मागं लागलो तेव्हा म्हणाला, "भाऊ, मानूस पानी पेस तव्हय हात येगळा पेस का, पाय येगळा पेस का? मानूस पेस. तसा फड पेस."

त्याला एकच पोरगा, राजदीप. धुळ्याला आयटीआय केलं आणि दीपनगरच्या वीज केंद्रात लागला. तिकडेच बिऱ्हाड, बायको साक्षी. भागाबाई बायकांना सांगायची की तुमच्या घरात पंखा फिरतो तो माझ्या राजदीपमुळे. लाईट गेली की बायकाही तिच्याच नावानं शंख करायच्या.

पुना एकदाच दीपनगरला गेला होता. भुसावळला उतरवून घ्यायला राजदीप स्वतः आला, फिरवलं, धुराच्या चिमण्या दाखवल्या, आपलं पंपहाऊस लांबून दाखवलं. पुनानं विचारलं, "आनि वीज कोठे बनस?" राजदीप म्हणाला, "ती पुढे, बाबा. माले पंपहाऊसना पुढे जावानी परवानगी नही." पुना परत आला तो चक्रावलेलाच. मला म्हणाला, "भाऊ, पोऱ्या एक पंप पाहस. दुसरा दुसरं पाहस. मंग बठ्ठं बरं चाली राहिनं का नही, हाई कोन पाहस?" मी म्हटलं, सगळं बघणारा असेल कोणी तरी साहेब. त्याचं काही समाधान झालं नाही.

इकडे गावात फड मोडत चालले होते. ज्याला त्याला आपली विहीर, आपली मोटार, आपला कांदा, आपलं डाळिंब. मीही नदीकाठच्या फडात बोअर घेतलेली आहे, उगाच साधूपणा कशाला. घरचं झालं थोडं म्हणून पंचायतीचं घोडं कोण सांभाळणार? शेवटी एक मधला फड तेवढा उरला. तो का उरला? पाटाचं पाणी फुकट मिळतं म्हणून, आणि पुना आहे म्हणून. त्यातलं दुसरं कारण आम्ही मोठ्यानं कधी बोललो नाही.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी मधल्या फडातलं तोताराम आप्पांचं वावर विकायला निघालं. आप्पांची मुलं जळगावला पिंप्राळ्यात बंगले बांधून बसलेली, त्यांना शेत म्हणजे कटकट. ते वावर राजदीपनं घेतलं आणि बापाच्या नावावर केलं. आधी चकार शब्द बोलला नाही. दिवाळीला आला तो सातबारा घेऊनच. भागाबाई दुसऱ्या दिवशी सकाळी वावरात गेली, मातीत बसली आणि दोन्ही हातांनी ढेकळं फोडत राहिली. तिच्या माहेरी, सासरी, आजोळी, कोणाच्याच नावावर कधी बांधाएवढी जमीन झालेली नव्हती. ती रडली असती तर बरं झालं असतं, पण ती रडली नाही, नुसती ढेकळं फोडत होती. मी लांबून बघितलं आणि रस्ता बदलला.

पुना काय म्हणाला? राजदीपला एवढंच म्हणाला, "याच फडमा काब्र लिधं?"

राजदीप म्हणाला, "बाबा, तुम्हीन जनमभर हाऊच फड पाजा. मंग दुसरीकडे कसाले लेऊ?"

पोराचंही बरोबर होतं. बापाची भेट म्हणून त्यानं बापाला सर्वांत जवळची जागा शोधून दिली होती. तिथंच गाठ बसली.

गावात पुनाची किंमत लगेच वाढली, हे सांगायलाच हवं. एवढी वर्षं शाळेतल्या पोरापासून सरपंचापर्यंत सगळे त्याला "ए पुना" म्हणायचे. सातबारा आला तसा पुनाचा पुनाआबा झाला. माझ्याही तोंडात तेच बसलं. पण नियमाचं काय? गव्हाच्या पेरणीआधी सगळे मालक मिळून पाट साफ करतात, त्या दिवशी तो विषय निघाला. आमच्यात सर्वांत वडील जीवरामआबा. ते म्हणाले, नियम तो नियम. मी म्हटलं, आबा, नियम धरला तर फावडं कोण धरणार? त्यावर सगळ्यांनी पाट्या उचलल्या, कारण चिखलात उभं राहायला कोणीच तयार नव्हतं. मग ठरलं की पुनासारखा सरळ माणूस, त्याला कसला नियम, चालू दे. मोठेपणा आमचा आणि गरजही आमचीच.

तेवढ्यात ज्ञानेश्वर बोलला. पंचविशीतला पोरगा, मनानं वाईट नाही, पण जिभेला हाड नाही. गाळाची पाटी टाकता टाकता हसत म्हणाला, "चालू द्या, चालू द्या. पन तळं राखी तो पाणी चाखी, हाई ध्यानमा ठेवा मातर."

सगळे हसले. पुना पाटात खाली उभा होता. तो हसला नाही, रागावलाही नाही. गाळ काढत राहिला. एक म्हण बोलून ज्ञानेश्वर मोकळा झाला, पण ती म्हण पुनाच्या अंगात काट्यासारखी मोडून राहिली, हे त्या दिवशी आम्हाला कोणालाच कळलं नाही.

गहू पेरला, उगवला. पहिली पाणी-पाळी झाली, काही कळलं नाही. दुसरीच्या वेळी मी पाटावरून जात होतो तर पुना उभा होता आणि त्याचं उभं राहणं मला वेगळं वाटलं. नेहमी त्याची नजर लांब असायची. त्या दिवशी तो आपल्या वावराकडे पाठ करून उभा होता. माणूस उधारीवाल्याला टाळतो तसा. मी हाक मारली, त्यानं हात वर केला, पण वळला नाही. मला वाटलं थकला असेल. थकलेला तर तो होताच, त्याला थकलेला बघायची आम्हाला सवयच होती.

मग थंडीत, गहू पोटरीत आला तेव्हा, मंदाबाईचा फोन आला. मंदाबाई म्हणजे मधल्या फडातल्या शेवटच्या ओळीची एक मालकीण. नवरा गेल्यावर शेत तिनंच सांभाळलं, आणि कोणाची भीडभाड ठेवणारी बाई नाही ती. म्हणाली, "पंच शेतस ना तुम्ही? मंग या पाहाले. नुसतं नाव सोनुबाई नका व्हऊ."

मी आणि जीवरामआबा गेलो. सगळा फड हिरवागार, कंबरेला लागेल असा, आणि शेवटच्या ओळीत एक पिवळा पट्टा. पट्ट्याची सुरुवात पुनाच्या वावरापासून. त्याच्या खाली मंदाबाईचं वावर, त्याच्या खाली ज्ञानेश्वरचं, आणि मग उरलेल्या पाण्याचा नाला. तिन्ही वावरांतला गहू गुडघ्याएवढा, खुरटलेला, पानांची टोकं वाळलेली. त्यातही सर्वांत वाईट पुनाचा.

शेवटच्या ओळीला वेगळी चारी नाही. वरचं वावर भरलं की त्याचा खालचा बांध फोडून पाणी पुढच्या वावरात उतरवायचं, तिथून त्याच्या पुढच्यात. वरच्याचं पोट भरलं तर खालच्याला मिळणार. पुनाला हे कोणी सांगायची गरज होती? त्याच्या बापानं ते बांध घातलेले होते.

तोवर ज्ञानेश्वर आला, आणखी दोघं-चौघं मालक आले, आणि गलका ऐकून खालच्या अंगाला खुरपत बसलेली भागाबाई आली. पुना फावडं घेऊन पाटाकडून चालत आला. ज्ञानेश्वर त्याच्यावर ओरडायच्या तयारीत होता. पण ओरडणार काय? चोरी केली म्हणावं तर चोराचंच घर आधी जळालेलं.

"पुनाआबा," मी विचारलं, "हाई कसं काय व्हयनं?"

त्यानं पायाखालचं ढेकूळ फावड्यानं हलवलं. मग म्हणाला, "मना वावरमा पानी सोडं का माले लाज वाटे, भाऊ. वाटे बठ्ठा गाव पाही राहिना. म्हनीसन तोंड लवकर बुजी टाकू आनि पुढे चालना जाऊ."

"आनि खालनं?" मंदाबाई म्हणाली. "मनं काय?"

"तुमनं वावर खाले शे, हाई माले सुचनंच नही, बाई." त्यानं मान वर केली. डोळ्यांत पाणी नव्हतं, पण चेहरा असा होता की रडलेला बरा. "इतला साल पाजा हाऊ फड. कव्हय वावर दिसनं नही माले. आते पाटवर उना का पहिलं मनं वावर दिसस. मंग दुसरासनं दिसस, हाई याचं, हाई त्याचं. फडच दिसस नही, भाऊ. कोठे गया फड?"

मला वाटतं त्या दिवशी तिथं जमलेल्यांपैकी फड कधी बघितलेला माणूस तो एकटाच होता. आम्ही आमच्या बांधावरून जेवढं दिसतं तेवढं बघत आलो आणि त्यालाच फड म्हणत आलो. सगळं एक आहे असं म्हणायला आम्हाला काही कष्ट नव्हते, कारण ते एक बघायला आम्ही माणूस ठेवलेला होता.

शेवटी जीवरामआबा बोलले, आणि प्रेमानंच बोलले, त्याचं मला जास्त वाईट वाटतं. "पुना, आयक. वावर कोन्हाले बी ईकी दे. गिऱ्हाईक मी आनस. तू आमना पाटकरी शे, तुनाशिवाय फड ऱ्हाव नही. बठ्ठासना इचार कर."

पुना काही बोलायच्या आत भागाबाई पुढे आली. हातात खुरपं, पदर कमरेला खोचलेला. "आमीन ईकाव?" ती म्हणाली. "बठ्ठासकरता? तुमीन ईका ना आबा तुमनं बठ्ठासकरता, मंग आमी बी ईकसूत. फड एक शे ना? मंग एक एक जन ईका."

जीवरामआबांनी तोंड फिरवलं. ज्ञानेश्वर मोबाईल काढून बघायला लागला. मला तिथं उभ्या उभ्या लाज वाटली, आणि आता लिहितानाही वाटते. आम्ही कोणी दुष्ट नव्हतो. पण फड एक ठेवायचा तर एका घरानं पिढ्यानपिढ्या त्याच्या बाहेर राहायचं, हा त्यातला करार होता, आणि त्या करारावर त्या घरातल्या कोणाची सही आम्ही कधी घेतली नव्हती. बापानं पाजायचं, पोरानं पाजायचं, आणि ज्या दिवशी पोराच्या पोरानं एक तुकडा घेतला त्या दिवशी आम्हाला सगळ्यांचं हित आठवलं.

पुनानं फावडं खांद्यावरून काढलं. फावडं फडाचं असतं, पाटकऱ्याचं नसतं. ते त्यानं बांधाला टेकवून उभं केलं, पडू नये म्हणून पायानं माती सारली.

"थकी गऊ मी, आबा," तो जीवरामआबांना म्हणाला. "बठ्ठासनं पाही पाही डोया थकी ग्यात. आते माले हाऊ एवढासा तुकडा पाहू द्या."

मग तो आणि भागाबाई घराकडे निघाले. ती पुढे, तो मागं. ती त्याला काही तरी बोलत होती, बहुतेक पायात चप्पल का नाही म्हणून. आम्ही तिथंच उभे राहिलो, कारण पाटाला पाणी चालू होतं आणि ते बंद करायला कोणी तरी जायला हवं होतं. शेवटी मी गेलो.

नवा पाटकरी शोधला. मिळाला नाही. शेजारच्या गावातला एक जण तयार झाला होता, त्यानं चिखल बघितला आणि पेट्रोल पंपावर कामाला लागला. मग पंचांनी ठरवलं की उरलेल्या पाणी-पाळ्यांना मालकांनीच पाळीपाळीनं फड पाजायचा. ज्याची पाळी त्यानं सगळा फड पाजायचा, फक्त आपलं वावर नाही. व्हॉट्सॲपवर तसा मेसेज गेला आणि सगळ्यांनी अंगठे दाखवले. अंगठे दाखवणं आमच्या लोकांना छान जमतं.

पहिल्यांदा जीवरामआबांचा मुलगा गेला. त्यानं वरच्या अंगाची वावरं तुडुंब भरली आणि शेपटाला पाणी पोचलंच नाही. दुसऱ्यानं शेपूट आधी पाजायचं म्हणून मधली वावरं अर्धी सोडली. भांडणं झाली, ग्रुपमधून दोघं बाहेर पडले, परत घेतले. मंदाबाई रोज कोणाला ना कोणाला फोन करून शिव्या घालत होती आणि तिचं चुकत नव्हतं.

गव्हाचा दाणा भरायच्या वेळची पाळी माझी आली. मी सकाळीच फावडं घेऊन गेलो. पहिल्या ओळीतच कंबर धरली. बांधाचं तोंड फोडणं सोपं आहे, बुजवणं अवघड. चिखल लावावा तर पाणी तो वाहून नेतं, गवत दाबावं तर फटीतून झिरपतं. पाय गारठून बधिर झाले. आणि मन सारखं हिशेब करत होतं, याला जास्त गेलं, त्याला कमी गेलं, तो काय म्हणेल, ती काय म्हणेल. माझ्या स्वतःच्या वावरापाशी आलो तेव्हा ठराव बाजूला ठेवून मी तोंड फोडलं, आणि तिथं किती वेळ उभा होतो मला सांगता येणार नाही. भरलं असं वाटेचना. पाय निघेना. माझ्या डोळ्यांना सगळं हिरवं दिसत होतं आणि तरी मला वाटत होतं, अजून त्या कोपऱ्यात गेलं नाही, अजून जराशी कळ काढावी. शेवटी चिखल टाकला आणि मागं न बघता निघालो.

शेवटच्या ओळीला पोचेपर्यंत दुपार कलली होती. पुना आपल्या बांधावर बसला होता. पायात राजदीपनं आणलेले नवे बूट, डोक्याला रुमाल. पट्ट्यातला गहू मागच्या पाण्यानं थोडा सावरला होता, ओंब्या बारीक होत्या, पण होत्या. मी तोंड फोडलं, पाणी त्याच्या वावरात शिरलं. आम्ही दोघं बघत राहिलो. तो पाण्याकडे बघत होता, त्याच्या मागं मागं मान फिरवत होता, या वाफ्यातून त्या वाफ्यात. मी इतक्या वर्षांत त्याला असं बघताना कधी पाहिलं नव्हतं. सगळे मालक बघतात तसंच बघत होता.

पाणी खालच्या बांधाला लागलं. मला वाटलं, झालं. खालचा बांध फोडायला मी फावडं उचललं आणि सवयीनं त्याच्याकडे बघितलं. शंका आली की त्यालाच विचारायचं, ही आमची जन्माची सवय.

"पुनाआबा, बस ना आते?"

त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. वरच्या कोपऱ्यात मातीचा एक हातभर पट्टा अजून कोरडा होता, त्याच्याकडे बघत, अगदी हलक्या आवाजात, कोणी ऐकू नये असा म्हणाला, "आखो थोडं येऊ द्या ना, भाऊ."

मी फावडं खाली टेकवलं आणि येऊ दिलं. पलीकडच्या बांधावर मंदाबाई कमरेवर हात ठेवून पाण्याची वाट बघत उभी होती.